शेवटच्या दोन रिळांचा डबा

खोली बघायला गेले तेव्हा मालक मला दिसलेच नाहीत. समोरच्या खोलीच्या भिंतीत छातीच्या उंचीवर दोन विटांएवढं चौकोनी भोक होतं. त्यातून आवाज आला, "उजेडात या जरा. फोकस लागत नाय." मी दोन पावलं पुढं झाले. भोकात चष्म्याची एक काच, एक डोळा आणि पांढरी भुवई दिसली.

गुलमंडीच्या मागच्या गल्ल्यांत मी तीन दिवस खोली शोधत होते. दोन ठिकाणी आडनाव विचारलं आणि ते ऐकल्यावर खोली कालच गेली म्हणाले. मालकांनी आडनाव विचारलं नाही, काम विचारलं. साड्यांना फॉल-पिको करते म्हटल्यावर ते म्हणाले, मशीन आणून चालवून दाखवा. मला वाटलं, आवाजाचा त्रास होईल म्हणून विचारत असतील. मी आणि माझ्या लेकीनं रिक्षातून मशीन आणलं, ओट्यावर ठेवलं आणि मी मोटार चालू केली. भोकातून कितीतरी वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "खोली तुमची. दुपारी दोन ते चार मशीन बंद ठेवायचं नाय. दुसरी अट नाय."

ते एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. सगळं आयुष्य त्यांनी वरच्या केबिनमध्ये प्रोजेक्टरशेजारी काढलं होतं. टॉकीज पाडली, तिथं मोबाइलच्या कव्हरांची दुकानं झाली आणि मालकांची झोप गेली. प्रोजेक्टरसारखी घरघर व्हावी म्हणून त्यांनी टेबलफॅनला पुठ्ठ्याचा तुकडा लावून पाहिला, पण पुठ्ठ्याचा आवाज खोटा वाटतो म्हणाले. माझ्या मशीनच्या आवाजात मात्र ते दुपारी घोरायचे. दोरा तुटून मी थांबले की पलीकडून लगेच आवाज यायचा, "रीळ तुटलं का?"

मी हो म्हणायचे.

"जोडा लवकर. पब्लिक बोंबलंल."

मी दोरा ओवायचे आणि पुन्हा घोरणं सुरू व्हायचं. पहिल्या वर्षी मला याची भीती वाटायची. नंतर दोरा तुटला नाही तर चुकल्यासारखं वाटू लागलं.

भिंतीतलं ते भोक त्यांनी स्वतःच्या हातानं पाडलेलं होतं. टॉकीज पडली त्याच आठवड्यात छिन्नी-हातोडा घेऊन बसले होते. काकू, म्हणजे त्यांची बायको, सांगायची, की मी भाजी घेऊन आले तर भिंतीतून नवरा बघतोय. तेव्हापासून पाहुणे समोरच्या खोलीत खुर्चीवर आणि मालक मागच्या खोलीत स्टुलावर, असंच चालायचं. लग्नाची पत्रिका द्यायला आलेले, वर्गणी मागायला आलेले, लाइटबिलवाला, सगळे भिंतीशी बोलायचे. मी एकदा धीर करून विचारलं होतं, पुढं येऊन का बसत नाही. ते म्हणाले, समोर बसलेला माणूस आपल्यासाठी तोंड करून बसतो. भोकातून बघितलं की खरा कोण रडतोय ते कळतं.

वेळ ते रिळांत सांगायचे. एक रीळ म्हणजे दहा मिनिटं. भात दीड रिळात, वरण तीन रिळांत. पाचोडला माझ्या माहेरी एकदा ते माझ्या भाच्याच्या लग्नाला आले होते. परत आल्यावर काकूनं कसं झालं विचारलं, तर म्हणाले, "आठ रिळांचं लग्न, त्यात तीन रिळं निस्ती भाषणं. कापायला पायजे होती."

आणि त्यांचं मध्यंतर. ते त्यांना कुठंही लागायचं. काकूशी भांडण अगदी रंगात आलं, आवाज चढला, भांडं आपटलं, की मालक हात वर करायचे आणि म्हणायचे, "मध्यंतर." मग उठून कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायचे आणि दहा मिनिटांनी परत येऊन जिथं वाक्य तुटलं होतं तिथून पुढं बोलायचे. पण तोवर काकू कपडे वाळत घालत असायची आणि त्यांचं पुढचं वाक्य हवेतच राहायचं. गल्लीतल्या बायका हसायच्या. मी हसायचे नाही. हात उठायच्या आधी चहा प्यायला जाणारा नवरा मी पहिल्यांदा पाहत होते.

त्यांच्यात तिरडी वाटेत एकदा खाली ठेवतात, त्याला विसावा म्हणतात. मालकांनी मरायच्या आधीच सांगून ठेवलं होतं, की माझा विसावा टॉकीजच्या जागेवर करा आणि तो पुरा दहा मिनिटांचा करा. मागच्या वर्षी ते गेले तेव्हा तसंच झालं. तिरडी मोबाइलच्या दुकानांसमोर ठेवली, माणसांनी चहा घेतला. दुकानदारांना काही कळेना, पण एकानं गाणं बंद केलं. दहा मिनिटं झाल्यावर बँडमास्तरांनी क्लॅरिनेटवर दोन ओळी वाजवल्या आणि लोकांनी कप ठेवून तिरडी उचलली. मला हे मास्तरांनीच नंतर सांगितलं. म्हणाले, दुसऱ्या भागात गर्दी थोडी कमी झाली, नेहमीसारखी.

आता या मास्तरांचं सांगते, म्हणजे मालकांचं पुरतं कळेल.

मास्तर समोरच्याच घरात राहायचे. तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. दिसायला देखणे, आताही नाक-डोळे सांगतात. लग्न केलं नाही. बँड मोडला, डीजे आले, पण मास्तर रोज संध्याकाळी पाच वाजता सोनेरी पट्ट्यांचा लाल कोट घालून, कागदात इमरती घेऊन, आमच्या घरी चहाला यायचे. खुर्चीवर बसून भोकाशी बोलायचे. काकू मध्ये बसून लसूण सोलायची. पन्नास वर्षांपूर्वी काकूच्या वडिलांकडं एकाच गल्लीतून दोन स्थळं आली होती, एक मास्तरांचं आणि एक ऑपरेटरचं. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि मास्तर रोज चहाला येतात याचंही कुणाला काही वाटत नव्हतं. वाटायचं ते एकट्या मालकांना. मास्तर आले की भोकातला डोळा हलायचा नाही. काकूनं मास्तरांना कपभर जास्त चहा दिला, तर पलीकडून आवाज यायचा, "आवाज कमी करा."

आणि तो सिनेमा. त्याचं नाव मी लिहीत नाही. आमच्या घरात कुणी नाव घ्यायचंच नाही, नुसतं 'तो सिनेमा' म्हणायचे. जुना, प्रेमाचा, तीन गाण्याबजावण्यातल्या माणसांचा. एक गाणारी, एक सतारवाला आणि एक पेटीवाला. सतारवाला रुबाबदार, बंगलेवाला. पेटीवाला गरीब. गाणारीच्या मागं बसून तिला सूर देतो आणि काही बोलत नाही. दोघांचा तिच्यावर जीव. शेवटी पेटीवाला गाव सोडून निघतो, ती धावत स्टेशनवर जाते, गाडी सुटायला झालेली असते, आणि ती फलाटावर त्याचा हात धरते. समाप्त. गल्लीतल्या साठीच्या पुढच्या कुठल्याही बाईला विचारा, ती हाच शेवट सांगेल आणि पदर डोळ्याला लावेल. सिनेमाची जुबिली झाली होती. जालन्याचा एक माणूस पानाच्या दुकानावर म्हणाला होता, की आमच्याकडं तिचं लग्न सतारवाल्याशी होतं. त्याला लोकांनी इतकं धारेवर धरलं, की तो पान न खाताच गेला.

टीव्हीवर तो सिनेमा लागणार असला की त्या दिवशी आमची केबल तुटायची. मी एकदा गच्चीवर कपडे काढायला गेले, तर मालक कात्री घेऊन वायरीजवळ बसले होते. मला पाहून म्हणाले, "जोडतोय." मी काही बोलले नाही.

काकूची नजर लहानपणापासूनच मंद होती. माझा पिको बघायचा तर साडी नाकाला लावायची. वर मोतीबिंदू आला. मागच्याच्या मागच्या वर्षी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. डॉक्टरांनी सांगितलं, आत नवीन भिंगं बसवली आहेत, आता जाड चष्माही लागणार नाही, पण आठ दिवस टीव्ही बघायचा नाही. काकू घरी आली, हिरवा गॉगल लावून पलंगावर बसली आणि म्हणाली, "पयला तो सिनेमा बघणार. बाई, तुझ्या लेकीला सांग. मोबाइलवर सगळं सापडतं म्हणे."

माझी लेक चितेगावच्या कंपनीत जाते. तिनं जेवता जेवता मोबाइलवर सिनेमा काढून दाखवला. रविवारी टीव्हीला जोडून देते म्हणाली. मी हे काकूला सांगितलं आणि मागच्या भिंतीतून स्टूल पडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक माझ्या खोलीत आले. आठ वर्षांत ते पहिल्यांदा स्वतःहून माझ्या खोलीत आले होते. इतक्या जवळून पाहिलं तर किती लहान माणूस होता. पँटला सुतळीचा पट्टा, हातात सिनेमाची पट्टी जोडायचं लोखंडी यंत्र आणि चिकटवायच्या औषधाची बाटली. त्यांनी ते सगळं माझ्या मशीनवर ठेवलं.

"तू बोलत नायस, म्हून तुला सांगतो," ते म्हणाले. "तुझ्या लेकीचा मोबाइल आण. त्याच्यात रीळ कुठनं घालतात?"

मी मोबाइल दिला. लेकीला त्या दिवशी सुट्टी होती. त्यांनी तो कडेनं चारी बाजूंनी पाहिला, चार्जरच्या भोकाला डोळा लावला. मग लेकीनं समजावलं, की यात पट्टी नसते, कापता येत नाही. त्यांनी तिला तीनदा विचारलं. मग मला म्हणाले, तिला जरा बाहेर पाठव. ती हसत गेली आणि ते माझ्या साड्यांच्या गठ्ठ्यावर बसले.

त्यांनी सांगितलं ते असं.

सिनेमाची पेटी आली की शो लावायच्या आधी आतले डबे मोजायचे असतात. पहिल्या दिवशी ते मोजत असताना काकू बायकांच्या बाल्कनीकडं जिना चढताना दिसली, आणि त्यांनी मोजायचं सोडलं. त्यांचं स्थळ तेव्हा तिच्या घरी जाऊन आलेलं होतं, उत्तर यायचं होतं. बाल्कनीतली मागची रांग केबिनच्या खाली येते. ती तिथंच, भोकाच्या बरोबर खाली बसली. मालक तिच्या डोक्यावर उभे. सिनेमा चालू झाला, चौदावं रीळ लागलं, म्हणजे ते स्टेशनचं. पंधरावं घ्यायला त्यांनी पेटीत हात घातला तर डबा नाही. पंधरावं आणि सोळावं एकाच डब्यात होतं.

"खाली हाउसफुल," मालक म्हणाले. "मागच्याच महिन्यात रीळ तुटलं तवा पब्लिकनं खुर्च्या फाडल्या होत्या. मॅनेजर म्हणला होता, अजून एकदा असं झालं तर घरी बस. नोकरी गेली म्हंजे स्थळ गेलं. माझ्याकडं दहा मिनिटं होती. मी रडाया लागलो, बाई. लेकरावानी. हुंदके देऊन. तसंच रडत रडत एका देवाच्या सिनेमातलं समाप्त काढलं अन् दुसऱ्या मशीनवर चढवून चौदाव्याच्या मागं सोडलं."

फलाटावर तिनं हात धरला, लगेच पडद्यावर शंख-चक्र आलं आणि समाप्त. मालक डोळे मिटून खुर्च्यांचा आवाज ऐकायला उभे राहिले. खालून टाळ्या आल्या. बायका रडत होत्या, शिट्ट्या वाजत होत्या. दुसऱ्या दिवशी काकूच्या घरून निरोप आला, मुलगी ऑपरेटरला हो म्हणते. तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, की सिनेमा बघून आल्या आल्या म्हणाली.

"तिसऱ्या दिवशी डबा सापडला," मालक म्हणाले. "केबिनमधी स्टूल नव्हतं. मी त्याच्यावरच बसलो होतो."

मी मान खाली घालून फॉलची पट्टी दुमडत राहिले, नाहीतर हसू आलं असतं.

"मग लावायची होती ना शेवटची रिळं," मी म्हटलं. एवढं लांब वाक्य मी त्यांच्याशी क्वचितच बोलले असेन.

"कशी लावू? लग्न व्हायचं होतं. ती मैत्रिणींना घेऊन पुन्हा येणार होती. त्यात सतारवाला जिंकतो. वाजवणारा, देखणा." त्यांनी समोरच्या घराकडं बोट केलं. "तिनं पेटीवाल्याकडं बघून मला हो म्हणलं. मागं बसून काम करणारा. जुबिलीभर मी त्या डब्यावर बसून राहिलो."

टॉकीजच्या शेठला सिनेमा बघायची सवय नव्हती आणि शो वीस मिनिटं लवकर सुटतो म्हणून दारावरची माणसं खूश होती. कुणी विचारलं नाही. पेटी परत गेली तेव्हा डबा आत होता. पण मालकांच्या मनातून तो कधी गेला नाही. पन्नास वर्षं ते त्याच्यावर बसूनच होते म्हणा.

"आता तिला नवीन डोळे आलेत," ते म्हणाले. "खरा शेवट बघंल अन् जाईल."

"कुठं?"

"समोर."

काकू त्र्याहत्तर वर्षांची. मास्तर ऐंशीला टेकलेले, गुडघ्याला पट्टा. तरीही मालकांचा चेहरा पाहून मला ते खोटं वाटलं नाही. त्यांना जेवण जात नव्हतं. त्या आठ दिवसांत माझं मशीन चालू असूनही पलीकडून घोरणं आलं नाही.

त्यांनी ठरवलं ते असं. मी रिमोट घेऊन बसायचं. तिनं फलाटावर हात धरला की मी टीव्ही बंद करायचा. माझ्याकडून राहिलं तर म्हणून ते स्वतः मागच्या खोलीत मीटरजवळ उभे राहणार आणि फ्यूज काढणार. मला हे बरं वाटत नव्हतं. काकूनं माझ्या लेकीचं आजारपण काढलेलं, तिला फसवायचं कसं? आणि मालकांनी मला आडनाव न विचारता खोली दिलेली, त्यांना नाही कसं म्हणायचं? मी नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही. त्यांनी हो धरलं.

रविवारी दुपारी काकू नवी साडी नेसून, गॉगल काढून बसली. मास्तर कोट घालून आले. लेकीनं टीव्हीला मोबाइल जोडला आणि ती मैत्रिणीकडं गेली. सिनेमा सुरू होण्याआधी भोकातून मालकांनी स्वतःच्या तोंडानं पाट्या वाचल्या. बिडी-सिगारेट ओढू नये. समोरच्या खुर्चीवर पाय ठेवू नये. रडणारं मूल असल्यास बाहेर न्यावं. मास्तरांनी समोरच्या खुर्चीवरचा पाय खाली घेतला.

सिनेमा खरंच चांगला होता. काकू अगदी पुढं वाकून पाहत होती, पडद्यावरच्या नटीच्या साडीचे काठ मला सांगत होती. मध्यंतराला इमरती झाली. मालक भोकातून बाहेर आले नाहीत, मी त्यांची इमरती भोकातून आत दिली.

मग स्टेशन आलं. गाडीची शिट्टी झाली. गाणारी धावत आली, पदर उडाला. माझ्या हातातल्या रिमोटला घाम सुटला. तिनं पेटीवाल्याचा हात धरला आणि मी बटण दाबलंच नाही. पण मागं खट् झालं आणि टीव्ही, पंखा, सगळं थांबलं.

भोकातून आवाज आला, "समाप्त."

काकूनं डोळे पुसले. मास्तरांनीही पुसले. रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "ऑपरेटर, दोन रिळं राहिली ना."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"कसली दोन रिळं?" काकू म्हणाली.

मास्तर सांगू लागले. त्या साली लग्नसराईत त्यांचा बँड खानदेशात गेला होता. तिथं त्यांनी हा सिनेमा, इथं लागायच्या आधीच, पुरा पाहिला. पेटीवाला हात सोडवून घेतो, तिला सतारवाल्याकडं परत पाठवतो, पेटी तिला देतो आणि गाडीत बसून जातो. मास्तर धर्मशाळेत दोन दिवस जेवले नाहीत. परत आले ते थेट काकूच्या वडिलांकडं गेले आणि म्हणाले, माझं स्थळ मागं घेतो.

"म्हणलं, आपुन पेटीवाला व्हायचं," मास्तर म्हणाले. "तवापासून पेटीवालाच हाय मी."

भोकात आता दोन्ही डोळे दिसत होते.

"पेटीवाला मी हाय," मालक म्हणाले.

"तू कसा? तुला बायको मिळाली. तू सतारवाला."

"मला सतार येते का?"

"मला तरी पेटी कुठं येते? सोडलं कुणी? मी सोडलं. जो सोडतो तो पेटीवाला."

"मागं बसून काम कुणी केलं? सगळ्या जल्मात पडद्यावर माझं नाव आलं का?"

"माझं आलं का?"

"तू तर घोड्याच्या पुढं चालायचा. लाल कोट घालून."

मास्तरांनी आपल्या कोटाकडं पाहिलं. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. आवाज चढत गेले. दोघं म्हातारे, एक खुर्चीत, एक भिंतीत, आणि पेटीवाला कोण यावरून हमरीतुमरी. काकू एकदा इकडं, एकदा भिंतीकडं बघत होती.

"फ्यूज घाला," ती म्हणाली.

"लाइट गेली हाय," मालक म्हणाले.

"घाला म्हणते ना अहो."

खट् झालं. पंखा फिरला. मी टीव्ही लावला, मोबाइलवर लेकीनं दाखवलं होतं तसं बोट फिरवून स्टेशन आणलं. मास्तरांनी सांगितलं तसंच सगळं झालं. पेटीवाल्यानं हात सोडवला. गाडी गेली. सतारवाल्याशी लग्न झालं, खूप दिवे होते. खरं समाप्त आलं, त्यावर शंख-चक्र नव्हतं. दोन रिळं, वीस मिनिटं, भोकातले दोन्ही डोळे काकूवर. मी काकूकडं बघायला धजत नव्हते.

काकू म्हणाली, "यातला पेटीवाला म्हंजे तो चपट्या केसांचा व्हय?"

मास्तर म्हणाले, "व्हय वैनी."

"मला वाटायचं, पागोटंवाला."

"तो तर तिचा बाप हाय," मास्तर म्हणाले.

मग काकूनं सांगितलं. लग्नाच्या मुलीनं चष्मा लावला तर स्थळं येत नाहीत म्हणून आईनं तिचा चष्मा ट्रंकेत ठेवला होता. बाल्कनीच्या मागच्या रांगेतून तिला पडदा म्हणजे नुसता उजेड दिसायचा, त्यात काहीतरी हलायचं. गाणी ऐकू यायची, म्हणून ती जायची. शेवट सुखाचा की दुःखाचा, हे तिनं मैत्रिणींकडून ऐकलं होतं.

"मी कुठला सिनेमा बघितला," काकू म्हणाली. "माझ्या डोक्यावरच्या भोकातून माणूस रडत व्हता. हुंदके देऊन. सगळे पडद्याकडं बघत व्हते, मी वर बघत व्हते. म्हणलं, हा रोज सिनेमा दाखवतो, याला रोजचंच, तरी याला असं रडू येतं. असा माणूस घरात हात उचलणार नाय. माझ्या बापानं माझ्या आईला लई मारलं. घरी आल्या आल्या म्हणलं, ऑपरेटरला हो म्हणा."

मास्तरांनी कोटाची बटणं चाचपली. मग हळूच म्हणाले, "सिनेमासाठी नाय?"

"सिनेमाचं काय घेऊन बसलात. दोघंबी येडे."

मी भोकाकडं पाहिलं. मालक काकूकडं बघत नव्हते. ते माझ्याकडं बघत होते. ते का रडत होते ते त्या घरात दोघांनाच माहीत होतं, त्यांना आणि मला. त्यांचा डोळा इतका मोठा झालेला मी कधी पाहिला नव्हता. मी खाली मान घातली आणि इमरतीचा कागद गोळा करू लागले. चार घड्या केल्या, मग आणखी एक.

भोकातून आवाज आला, "मध्यंतर."

आणि ते मागच्या दारानं चहा प्यायला गेले. सिनेमा तर संपला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता माझ्या दारात उभे. आत आले नाहीत.

"बोललीस का काही?"

मी मान हलवली. या वेळी ती नाही म्हणूनच हलवली.

"बोलणार?"

पुन्हा तसंच.

त्यांनी मशीनकडं, गठ्ठ्याकडं, भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोकडं बघितलं. मग म्हणाले, "तिचा अंदाज चुकला तर नाय ना गं, बाई?"

मी त्या घरात काढलेली वर्षं आठवली. आपटलेली भांडी आठवली, वर गेलेला तो हात आणि त्यातून दर वेळी निघालेला एकच शब्द आठवला. "नाही चुकला," मी म्हटलं.

"मग मशीन चालू कर," ते म्हणाले.

मी चालू केलं. अर्ध्या रिळात पलीकडून घोरणं सुरू झालं. त्या दिवशी माझा दोरा दोनदा तुटला, पण घोरणं चालूच राहिलं, त्यांनी विचारलं नाही.